एकट्या राहणाऱ्या मावशी, घरात आलेला भाचा आणि नोटरी: सोसायटीने मध्ये पडावं का?

कमिटी_मेंबर (पुणे):
आमच्या इमारतीत ७८ वर्षांच्या मावशी एकट्या राहतात. यजमान गेलेले, मूलबाळ नाही. फॅमिली पेन्शन आहे आणि फ्लॅट त्यांच्याच नावावर. दिवाळीपासून भाचा राहायला आलाय. तेव्हापासून जुनी स्वयंपाकाची बाई बंद झाली. फोन तोच उचलतो, मावशींना दिलाच तर स्पीकरवर टाकून. कोणी भेटायला गेलं की "आत्ताच डोळा लागलाय." मावशींनी स्वतःच खाली पासबुक दाखवलं होतं, पेन्शन जमा झाली की दुसऱ्या दिवशी एटीएममधून १०,०००, पुन्हा १०,०००. मागच्या आठवड्यात घरी नोटरी येऊन गेला. विचारलं तर म्हणतात, "तो सगळं बघतो हो, माझी काही तक्रार नाही." कमिटीने भाच्याला बोलावून जाब विचारावा की सरळ पोलिसांत जावं?

ज्येष्ठ_मदत:
जाब अजिबात विचारू नका. कमिटीसमोर बसवलंत की तो रात्री मावशींना सांगणार, "बघ, तुझे शेजारी मला हाकलायला निघालेत, मग तुला कोण बघणार?" त्यानंतर त्या तुमच्याशी बोलणंही बंद करतील. या प्रकारात सगळ्यात आधी माणसं तोडली जातात, पैसा नंतर हलतो. बाई बंद करणं आणि स्पीकरवर फोन ही दोन्ही त्याचीच लक्षणं. डॉक्टर बदललाय का, तेही बघा. दिवसा कधीही गेलं तरी झोपलेल्याच असतील तर गोळ्या कोण देतं आणि चिठ्ठी कोणाची, हे त्यांच्या जुन्या डॉक्टरांच्या कानावर घाला.

पहिलं काम म्हणजे त्यांना एकटं गाठणं. घरी जमणार नाही. दवाखाना, बँक, देऊळ, महिला मंडळाचं हळदीकुंकू, काहीही चालेल. दोघांनी मिळून जाऊ नका, ओळखीची एकच बाई जाऊ दे. "भाचा त्रास देतो का?" असं विचारलंत की उत्तर "नाही" येणार, कारण तो रक्ताचा आहे. असं विचारा: हल्ली बाजारहाट कोण करतं? पेन्शन आली की हातात किती राहतात? परवा सही केलीत तो कागद कोणी वाचून दाखवला का? तो गावाला गेला तर चालेल का? शेवटच्या प्रश्नावर चेहरा बघा, उत्तरापेक्षा तो जास्त सांगतो.

एक मात्र ध्यानात ठेवा. पैसे त्यांचे आहेत. सगळं समजून-उमजून भाच्याला देत असतील तर तो त्यांचा निर्णय, तुम्हाला मूर्खपणाचा वाटला तरीही. तुम्ही तपासायचं ते एवढंच: त्यांना कळतंय का, आणि "नाही" म्हणायची मुभा आहे का.

बँकेतला_काऊंटर:
कागद सावकाश उलगडतील, पैसे आज थांबवता येतात. मावशी स्वतः शाखेत आल्या तर (आणि त्यांनीच यायला हवं, तुमच्या अर्जावर आम्ही काहीही करू शकत नाही) तासाभरात बरंच होतं. जुनं एटीएम कार्ड बंद करून नवीन कार्ड आणि नवा पिन, रोजची मर्यादा कमी. एसएमएस कोणत्या नंबरवर जातात ते तपासायचं, नव्वद टक्के गोम तिथेच असते. नंबर भाच्याचा झाला असेल तर ओटीपीही त्याच्याकडे जातो.

खातं जॉइंट झालंय का ते पाहा. "आयदर ऑर सर्व्हायव्हर" असेल तर तो एकटा सगळी रक्कम काढू शकतो आणि बँकेच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. "त्या आजारी असतात म्हणून जॉइंट केलं" हे कारण टिकत नाही. सही जमत नसेल तर अंगठा चालतो. तो बँकेला माहीत असलेल्या दोन स्वतंत्र साक्षीदारांनी ओळखावा लागतो आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असतो. सत्तरीपुढच्यांसाठी घरपोच बँकिंगची सोय आहे, तीही मागा. एफडी मोडल्या का, त्यावर कर्ज उचललंय का, हेही त्यांनाच विचारायला लावा.

दुय्यम_निबंधक_बाहेरचा_वकील:
नोटरीने नक्की काय केलं ते आधी शोधा. नुसत्या नोटरीने फ्लॅट कोणाच्या नावावर होत नाही. बक्षीसपत्र (मिळकत मोबदला न घेता दुसऱ्याला देण्याचा दस्त) नोंदणीकृतच लागतं, दोन साक्षीदारांसह. बहुधा मुखत्यारपत्र (आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद) असेल. पण "त्या घराबाहेर पडल्याच नाहीत म्हणजे नोंदणी झाली नाही" असं धरून बसू नका, आजारी माणसासाठी निबंधक (दस्त नोंदवणारे सरकारी अधिकारी) गृहभेट देऊन नोंदणी करतात. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये जिल्हा, गाव, मिळकत क्रमांक आणि वर्ष टाका. दस्त झाला असेल तर सूची २ मध्ये (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) दिसेल. मुलगा, मुलगी, नातवंडं यांना राहतं घर बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. भाचा त्या यादीत नाही, त्याला पूर्ण शुल्क भरावं लागतं. म्हणून भाचेमंडळी आधी मुखत्यारपत्रावर भागवतात.

मुखत्यारपत्र असेल तर मावशींनी रद्दलेख करायचा. मूळ नोंदणीकृत असेल तर रद्दलेखही नोंदवायचा. मग त्याची प्रत भाच्याला, बँकेला, सोसायटीला स्पीड पोस्टाने पाठवायची आणि स्थानिक वृत्तपत्रात जाहीर नोटीस द्यायची. ज्यांना कळवलं नाही त्यांच्याशी केलेले व्यवहार नंतर गळ्यात पडतात. कागदावर "अपरिवर्तनीय" लिहिलंय म्हणून घाबरू नका. भाच्याचा स्वतःचा हितसंबंध त्या मिळकतीत नसेल तर त्या शब्दाला काही वजन नाही.

लोक हमखास करतात ती चूक म्हणजे निबंधकाला "दस्त नोंदवू नका" असा अर्ज देणं. नुसत्या हरकतीवर निबंधक नोंदणी थांबवत नाही, न्यायालयाचा मनाई हुकूम लागतो.

कमिटी_मेंबर:
ई-सर्च केलं. भयंकर आहे. डिसेंबरमध्ये बक्षीसपत्र नोंदलेलं दिसतंय. आता संपलं का सगळं?

दुय्यम_निबंधक_बाहेरचा_वकील:
संपलं नाही, पण मावशींना वाटलं म्हणून मागे घेता येत नाही. मृत्युपत्र कितीदाही बदलता येतं, बक्षीसपत्राचं तसं नसतं. आधी दस्ताची प्रत काढा. त्यात "देणाराचा तहहयात सांभाळ करण्याच्या अटीवर" असं काही आहे का ते वाचा.

ज्येष्ठ नागरिक कायदा २००७ चं कलम २३ सांगतं: सांभाळाच्या अटीवर दिलं आणि घेणाऱ्याने सांभाळलं नाही, तर तो व्यवहार फसवणुकीने झाला असं मानून न्यायाधिकरण रद्द करू शकतं. कलमात "घेणारा" आहे, मुलगाच हवा असं नाही. अडचण अटीची. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये (सुदेश छिकारा) म्हटलं की अट होती हे सिद्ध व्हायला हवं. जानेवारी २०२५ च्या उर्मिला दीक्षित निकालात कायद्याचा अर्थ उदारपणे लावला आणि आईला ताबा परत द्यायला सांगितलं. पण तिथे सांभाळाचं वेगळं वचनपत्र होतं, हे लोक विसरतात. तेव्हा भाच्याचे मेसेज, नातेवाइकांसमोर दिलेला शब्द, जे मिळेल ते जमवा.

अर्ज प्रांत (उपविभागीय अधिकारी) कार्यालयात. न्यायाधिकरण तिथेच बसतं. कलम १७ प्रमाणे वकील लागत नाही, साध्या मराठीत लिहा. मावशींना स्वतः जमत नसेल तर नोंदणीकृत संस्था त्यांच्या वतीने जाऊ शकते. सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज देऊ नका.

अट सापडलीच नाही तर दिवाणी दावा: अनुचित प्रभाव (विश्वासाचा किंवा वरचढपणाचा गैरफायदा घेऊन सही घेणं), करार कायदा कलम १६. मुदत ३ वर्षं, खरी हकिगत कळल्यापासून. त्या बाई असल्याने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.

खाकी_निवृत्त:
वरच्या मंडळींशी थोडा मतभेद. पोलीस शेवटी, हे ठीक. पण मारहाण, उपाशी ठेवणं, दाराला बाहेरून कुलूप यातलं काही दिसलं तर मावशींच्या होकाराची वाट बघायची नाही, ११२. बाकी वेळी ठाण्यात जाऊन एकट्या ज्येष्ठांच्या यादीत त्यांचं नाव घाला. बीटवाला पोलीस अधूनमधून घरी डोकावला की भाच्याला तुम्ही काही न बोलता कळतं.

ज्येष्ठ_मदत:
ते पटतं. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, तिथे शेजारीही फोन करू शकतो. आणि विसरभोळेपणा असेल तर आत्ताच मानसोपचारतज्ज्ञाकडून आकलनक्षमतेची तपासणी करून घ्या. डिसेंबरमधल्या सहीबद्दल वाद होणार आहे, त्या काळाच्या जवळचा वैद्यकीय कागद जितका लवकर होईल तितका उपयोगी. जुन्या डॉक्टरांच्या फाइलमध्ये आधीच्या नोंदी असतील, त्यांच्या प्रतीही मागा.

बँकेतला_काऊंटर:
आणि स्वयंपाकाच्या बाईंना परत बोलवा, सोसायटीतल्या दुसऱ्या एखाद्या घरी कामाला लावून. कागदावर सही कुठल्या दिवशी झाली, तेव्हा घरात कोण कोण होतं, साक्षीदार कोण, हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.