सिम्युलेशनचे तास क्लिनिकलमध्ये धरावेत का?

फोंड्याची सिस्टर:
भारतीय परिचर्या परिषदेचा क्रिटिकल केअरमधला (अतिदक्षतेचा) नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम, म्हणजे नर्सला पुढचं शिकवून ठरावीक उपचार स्वतः ठरवायला तयार करणारा, दोन वर्षांचा आहे. माझं म्हणणं, त्यातले काही क्लिनिकल तास, म्हणजे रुग्णाजवळ शिकायचे तास, सिम्युलेशनचे, म्हणजे पुतळ्यावर किंवा रुग्णाचं सोंग घेतलेल्या माणसावर केलेल्या सरावाचे धरा. परवा सरावात मॅनिकिनच्या (सरावाच्या पुतळ्याच्या) मॉनिटरवर व्हीएफ आलं, म्हणजे हृदय नुसतं थरथरतंय, रक्त ढकलत नाही. मुलगी हुशार, पण शॉक द्यायचं पॅडल हातात घेऊन तशीच उभी. चार्ज करायचं सुचेना. कॉम्प्रेशन (छाती दाबणं) थांबलंय हेही तिला कळलं नाही. डीब्रीफिंगला, म्हणजे सरावानंतरच्या चर्चेत, स्वतःच म्हणाली, "ऑर्डर कोण देतंय याची वाट बघत होते." अहो, पुढे ऑर्डर तिनेच द्यायची आहे! हे खऱ्या खाटेजवळ कळलं असतं तर?

सत्तरीकर:
ताई, सराव हवाच, पण तास धरायला माझा ठाम विरोध. अमेरिकेतला २०१४चा अभ्यास सगळे पुढे करतात: निम्मे क्लिनिकल तास सिम्युलेशनने भरले तरी निकालात फरक पडला नाही. पण ते विद्यार्थी अजून नर्स व्हायचे होते. नर्स प्रॅक्टिशनरसाठी तिथलेच २०२२चे निकष किमान ७५० तास प्रत्यक्ष रुग्णसेवेचे मागतात आणि सिम्युलेशन त्यात धरत नाहीत.
आपल्याकडे वाळपईची आजी येते, छातीवर हात ठेवून "बाये, स्वास घेवपाक जायना" एवढंच सांगते. पुढचं आपण काढायचं. रात्री किती उशा लागतात, चप्पल कधीपासून घट्ट होतेय. पाऊल अंगठ्याने दाबलं की खड्डा राहतो का. आमच्याकडच्या मॅनिकिनचं पाऊल कितीही दाबा, तसंच.

फोंड्याची सिस्टर:
आजीचं सोंग कोकणी बोलणारी बाई उत्तम वठवते, आम्ही करून पाहिलंय. सुजलेलं पाऊल मात्र वॉर्डातच, हे मान्य. पण व्हीएफ काही ठरवून येत नाही. एखादीच्या ड्यूटीत दोन वर्षांत आलंच नाही तर?

डिचोलीची मिडवाइफ:
बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचंही तेच. पोटाला बांधायच्या सिम्युलेटरमधून लाल पाणी वाहू लागलं की मुलींचे हात खरोखर थरथरतात. पण एका ठिकाणी महागडं मॅनिकिन प्लास्टिकसकट कपाटात पडलेलं मी पाहिलंय, शिकवणारंच कुणी नव्हतं. अशा जागी तास धरले तर ते फक्त रजिस्टरात भरतील. तेव्हा मी सत्तरीकरांच्या बाजूने.

सत्तरीकर:
तेच म्हणतोय. रुग्णाजवळचे तास पुरे करा, सराव त्याच्यावर जास्तीचा द्या. आणि रात्रपाळी करून आलेल्या मुलीला त्याच सकाळी सरावाला उभी करू नका.