१८१८ चं राम दरबार नाणं लिलावात लागलंय, वडील बोली लावायला निघालेत. खरं असू शकतं का? आणि रिपोर्ट कसं करायचं?

बार्शीकर_अक्षय:
नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितोय कारण लिलाव रविवारी रात्री ९ ला संपतोय. वडील एसटीतून रिटायर झालेत, आता जुनी नाणी जमवायचा नाद लागलाय आणि तो नाद मला आवडतो पण, कारण त्यानिमित्ताने माणूस उत्साहात असतो. परवा एका लिलावाच्या साईटवर त्यांना ईस्ट इंडिया कंपनीचं तांब्याचं वन आना दिसलं, साल १८१८, एका बाजूला राम सीता आणि सगळा दरबार, दुसऱ्या बाजूला कंपनीचं चिन्ह. बोली ११,५०० वर गेलीय आणि ते २० हजारापर्यंत जायचं म्हणतात. विक्रेत्याने लिहिलंय की मंदिराच्या तळघरात सापडलं, चुंबकीय शक्ती आहे, तांदूळ ओढतं. मी बोली लावणाऱ्यांची यादी बघितली तर तीनच आयडी आहेत, तेच तेच एकमेकांवर चढवतायत. विक्रेत्याचं खातं दोन महिन्यांचं. आणि काल त्याने वडिलांना मेसेज केला की साईटवर कशाला, व्हॉट्सॲपवर या, ३ हजार टोकन टाका, मी लिलाव थांबवून तुम्हालाच देतो. मला हे सगळं गडबड वाटतंय पण वडिलांना नुसतं "फ्रॉड आहे" म्हटलं तर ते ऐकत नाहीत, त्यांना पटेल असं काहीतरी सांगा. आणि ही लिस्टिंग काढून टाकायला कोणाकडे जायचं?

तराजूछाप (पुणे):
अक्षय, वडिलांना पैसे टाकू देऊ नकोस, आधी हे वाचून दाखव. मी गेली २५ वर्षं कंपनीची नाणी गोळा करतोय.

पहिली गोष्ट, १८१८ साली कंपनीचं वन आना नावाचं नाणंच नव्हतं. आपल्याकडे एक आण्याचं नाणं आलं १९०७ ला, एडवर्डच्या काळात, आणि ते तांब्याचं नाही, तांबं आणि निकेल मिसळलेलं, नागमोडी कडेचं, पांढरट. तांब्यात कंपनीने काढलं ते पाव आणा, अर्धा आणा, पै वगैरे, आणि सगळ्या इलाख्यांत एकसारखी नाणी सुरू झाली ती १८३५ पासून. त्याच्या आधी प्रत्येक इलाख्याचं वेगळं होतं. आपल्या मुंबई इलाख्याच्या पैशावर तराजू असायचा आणि त्याच्या दोन पारड्यांमध्ये फारसीत अदल, म्हणजे न्याय. माझं इथलं नाव त्याच नाण्यावरून घेतलंय. राम दरबार, उडता हनुमान किंवा गणपती असलेलं नाणं कंपनीने चलनात कधी आणलं नाही. ही नंतर बनवलेली टोकनं आहेत, यात्रेच्या ठिकाणी ढिगाने मिळतात, शंभर रुपयेसुद्धा जास्त झाले. देवाचं म्हणून देव्हाऱ्यात ठेवायला माझी हरकत नाही, पण जुनं दुर्मिळ नाणं म्हणून विकणं ही सरळ फसवणूक आहे.

दुसरी, चुंबक. तांबं चुंबकाला चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वर मुलामा. म्हणजे तो ज्याला शक्ती म्हणतोय तोच नकली असल्याचा पुरावा. तांदूळ ओढण्याचं तर बोलूच नको, त्या राईस पुलरच्या नादात लोकांनी जमिनी विकल्यात.

वडिलांकडे पाव आणा असेल ना एखादा? १८३५ चा कुठेही मिळतो. तो वजनकाट्यावर ठेवायला सांग, साडेसहा ग्रॅमच्या जवळपास भरेल, झिजला असेल तर थोडा कमी. मग विक्रेत्याला वजन आणि व्यास विचारायला सांग. खरा विकणारा दोन मिनिटांत काट्यावर ठेवून फोटो पाठवतो.

शिवराई_लॉट (चिंचवड):
मी फसलेली आहे म्हणून लिहिते. दीड वर्षांपूर्वी अशाच एका साईटवर ५० शिवराईंचा, म्हणजे मराठेशाहीतल्या तांब्याच्या नाण्यांचा, लॉट घेतला, ९ हजारला. फोटोत एकदम छान दिसत होत्या, एका बाजूला श्री राजा शिव, दुसरीकडे छत्रपति. घरी आल्यावर टेबलावर ओळीने मांडल्या आणि बघतच राहिले, सोळा नाण्यांवर "शिव" मधला व बरोब्बर त्याच जागी अर्धा कापलेला आणि त्याच्याच खाली तोच एक बारीक फोड. हाताने ठोकलेलं नाणं दोनदा सारखं पडत नाही हो, ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे प्रत्येक घावाला अक्षर वेगळीकडे कापलं जातं. सोळा सारखी म्हणजे एकाच साच्यात ओतलेली. मग भिंग घेऊन कडा बघितली तर चहूबाजूंनी बारीक शिवण, कानशीने घासून लपवलेली.

तेव्हापासून मी लॉटचा फोटो मोठा करून आधी जुळी नाणी शोधते. आणि फोटो गुगल लेन्समध्ये टाकते. तुझ्या त्या नाण्याचा टाकून बघ, तोच फोटो, त्याच चादरीवर, वेगळ्या नावाने अजून चार ठिकाणी निघेल असं मला वाटतं.

माझे पैसे परत आले नाहीत, कारण मी साईटच्या बाहेर यूपीआयने दिले होते, दहा टक्के सूट मिळते म्हणून. साईट म्हणाली आमच्याकडे व्यवहारच झालेला नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही, पैशापेक्षा नवऱ्याला काय सांगू याचीच जास्त चिंता होती. काकांना हे नक्की सांग.

तक्रारखिडकी:
मी एका खरेदी विक्रीच्या साईटच्या तक्रार विभागात तीन वर्षं काम केलंय, नाव घेत नाही. रिपोर्ट कसं करायचं ते मी सांगते, कारण लोक रिपोर्ट करतात पण असं करतात की समोरच्याला काही करताच येत नाही.

आम्हाला दिवसभरात शेकडो तक्रारी यायच्या. त्यात "हा चोर आहे याला हाकला" असं लिहिलं असेल तर ती बंद व्हायची, कारण स्क्रीनसमोर बसलेल्या मुलीला नाण्यातलं काही कळत नसतं. तिला एका मिनिटात तपासता येईल असं एक वाक्य द्या. म्हणजे "शीर्षकात वन आना १८१८ आहे, भारतात एक आण्याचं नाणं १९०७ ला सुरू झालं, त्यामुळे वर्णन खोटं आहे." बास. त्याखाली दुसऱ्या लिस्टिंगच्या लिंका द्या जिथे हाच फोटो आहे. आणि तो व्हॉट्सॲपवर बोलावतोय त्या मेसेजचा स्क्रीनशॉट. खरं सांगू का, नाण्यापेक्षा या मेसेजवर कारवाई लवकर होते, कारण साईटबाहेर सौदा करायला लावणं जवळपास सगळ्याच साईटच्या नियमात बसत नाही आणि त्याला नाण्याचा जाणकार लागत नाही.

रिपोर्ट करायला वस्तू विकत घेतलेली असावी लागत नाही. लिस्टिंगवरच तीन टिंबांत किंवा खाली कुठेतरी रिपोर्टचं बटण असतं, तिथे नकली वस्तू हा पर्याय निवडा. पण त्याआधी सगळं सेव्ह करा, लिंक, लिस्टिंगचा नंबर, विक्रेत्याचा आयडी, बोलीची यादी, तारीख वेळ दिसेल असे फोटो. आणि कृपा करून विक्रेत्याला "तुझी तक्रार करतोय" असं कळवू नका. तो दहा मिनिटांत सगळं काढून टाकतो आणि संध्याकाळी नव्या नावाने लावतो, मग आमच्याकडे बघायला काही उरत नाही.

ते तीन आयडी पण वेगळे कळवा. विक्रेत्याच्या बाकीच्या संपलेल्या लिलावांत तेच तिघं दिसले आणि कधीच जिंकले नाहीत तर भाव फुगवण्यासाठी घरचेच लोक आहेत असं समजा.

दोन तीन दिवसांत काही हललं नाही तर तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल करा, त्याचं नाव आणि पत्ता साईटवर देणं बंधनकारक आहे. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे २४ तासांत पोच आणि ठरलेल्या मुदतीत निकाल द्यावा लागतो. मेलमध्ये त्या नियमाचा उल्लेख केला की फाईल वरच्या टेबलावर जाते, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

नांदेडचा_माणूस:
एक उलटी बाजू पण सांगतो, कारण काका विकायला गेले तर तिथंही टपलेले असतात. आमच्या शेजारच्या आजोबांनी ट्रॅक्टरवाली पाचची नोट एका साईटवर टाकली, कोणीतरी व्हिडिओत सांगितलं होतं लाखात जाते म्हणून. लगेच फोन आला, नोट साडेतीन लाखाला घेतो, फक्त रजिस्ट्रेशनचे ८५० भरा, मग जीएसटी, मग रिझर्व्ह बँकेची परवानगी म्हणून १२ हजार, शिक्का मारलेलं पत्र सुद्धा पाठवलं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय की जुन्या नोटा नाण्यांच्या व्यवहारात आम्ही पडत नाही, कसलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही. आजोबांचा १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर, फोन मीच लावला, पैसे जाऊन दोन तास झाले होते म्हणून १२ हजारांतले काही बँकेत अडकवता आले. त्या नंबरवर जेवढ्या लवकर तेवढं बरं, पैसा पुढच्या खात्यात सरकला की हाती लागत नाही. नंतर सायबर क्राइमच्या पोर्टलवर लेखी तक्रार.

तराजूछाप (पुणे):
नांदेडचे भाऊ बरोबर बोलले. अजून एक, अक्षय. शंभर वर्षांवरचं खरं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतं आणि ते देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यामुळे परदेशातल्या गिऱ्हाईकाला पाठवतो म्हणून कोणी कुरिअरचे पैसे मागितले तर तिथंच थांबायचं.

बार्शीकर_अक्षय:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री वडिलांना शेजारी बसवून एकेक उत्तर वाचून दाखवलं. आधी गप्प होते. चिंचवडच्या ताईंचं सोळा नाण्यांचं वाचल्यावर उठले, डब्यातून भिंग काढलं आणि स्वतःच्या शिवराया एकेक करून बघायला लागले. लेन्समध्ये त्या राम दरबारचा फोटो टाकला तर सहा ठिकाणी निघाला, हनुमानाच्या शेपटीजवळचा तिरका ओरखडा सगळीकडे तोच, साल मात्र एकीकडे १७१७ आणि एकीकडे १८१८, म्हणजे फोटोवर आकडा पण बदललाय. विक्रेत्याला वजन विचारलं होतं, उत्तर आलं "देवाच्या वस्तूचं वजन करत नाहीत". ते वाचून वडील म्हणाले, बंद कर.

रिपोर्ट सकाळी टाकला, तक्रारखिडकी ताईंनी सांगितलं तसा एका वाक्यात, सहा लिंका आणि मेसेजचा फोटो जोडून. दुपारी तीनला लिस्टिंग गेली. पण आत्ता बघतोय तर दुसऱ्या आयडीने तेच नाणं परत लागलंय, यावेळी उडता हनुमान म्हणून, सुरुवात ५ हजार. लिंक खाली देतोय, ज्यांची त्या साईटवर खाती आहेत त्यांनी आजच रिपोर्ट करा, एकाच्या तक्रारीपेक्षा पाच जणांच्या लवकर बघतील. वडिलांनी पण त्यांच्या खात्यावरून टाकलाय, मराठीतच लिहिलाय, १९०७ चा मुद्दा घालून.