कव्हर नसलेल्या मासिकांचं साल कसं ओळखायचं?

पोटमाळा_गिरगाव
नमस्कार. आमची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली. खोली रिकामी करताना आजीचे तीन बांधीव गठ्ठे निघाले. मासिकांचे अंक आहेत, पण एकालाही कव्हर नाही, कुठे महिना नाही की साल नाही. पानांचे आकडे मात्र प्रत्येक गठ्ठ्यात १ ते ५७६ सलग. कोणी फाडलं असेल का?

दादर_ईस्ट
मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात नेऊन दाखवा, तिथे जुने अंक ताडून बघता येतील. रद्दीत घालू नका एवढंच.

खळ_पुठ्ठा
फाडलं आम्हीच. म्हणजे बाइंडरांनी. मी गिरगावात तीस वर्षं हेच केलं. वर्षाचे बारा अंक आले की चिमट्यानं पिना काढायच्या, कव्हर आणि जाहिरातींची पानं बाजूला, मग शिवण, खळ, पुठ्ठा. खळीत मोरचूद घालायचो, वाळवी लागू नये म्हणून. तुमच्या गठ्ठ्याला कसर लागली नसेल तर त्याचं श्रेय मोरचुदाला. गिऱ्हाइकाला कथा हव्या असायच्या, साबणाच्या जाहिराती कोणाला? आता कळतं, साल-किंमत सगळं त्यातच होतं.

५७६ म्हणजे महिन्याला ४८ पानं, सोळा पानी तीन फॉर्म (एकत्र छापून घडी घातलेले कागद). पण सगळे अंक सारख्याच जाडीचे आहेत का बघा. मध्येच एकदम फुगला असेल तर तो दिवाळी अंक. ती चाल का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'नं १९०९ मध्ये पाडली.

आणि प्रत्येक अंकाच्या शेवटच्या पानाचा पायथा वाचा. छापणाऱ्याचं नाव-गाव छापणं १८६७ च्या कायद्यानं सक्तीचं होतं. पत्त्यात नुसतं 'मुंबई ४' असेल तर १९७२ च्या आधीचं, कारण पिनकोड त्या वर्षी १५ ऑगस्टला आला. 'मुंबई ४०० ००४' असेल तर नंतरचं.

नावात_काय
थोडं अवांतर. मॅगझिन मूळचं अरबी, मखाझिन म्हणजे कोठारं. लंडनच्या एडवर्ड केव्हनं १७३१ मध्ये ते नाव नियतकालिकाला दिलं. आपल्याकडे नाव वेळेवरून: साप्ताहिक, पाक्षिक, मासिक. मग उशीर झाला की 'जोडअंक' म्हणून पांघरूण. गठ्ठ्यात बाराऐवजी अकराच अंक निघाले तर दचकू नका. जांभेकरांनी १८४० मध्ये मुंबईत 'दिग्दर्शन' काढलं, तेव्हापासून मासिकवाल्यांच्या मागे तारीख लागली आहे.

पोटमाळा_गिरगाव
काका, सापडलं! दुसऱ्या गठ्ठ्यात एक जाहिरातीचं पान चुकून राहिलंय. केसांच्या तेलाची बाटली, किंमत ६२ न. पै., पत्ता गिरगाव, मुंबई ४.

खळ_पुठ्ठा
मग झालंच की. नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले आणि 'नवे' हा शब्द १९६४ मध्ये गळला. त्याच सात वर्षांतलं. आणे असते तर मागे जावं लागलं असतं.

पोटमाळा_गिरगाव
आजीचं लग्न १९५९ चं. अजून एक: समासात तिनं पेन्सिलीनं लिहिलंय, पण प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर अर्धं आहे. "आज पाणी नाही आ", "ह्यांना पगा". हे कशामुळे?

खळ_पुठ्ठा
कटिंग मशीन. कडा सारख्या दिसाव्यात म्हणून तिन्ही बाजूंनी दोन-तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) उतरवायचो. समासात कोणी लिहिलंय का, ते बघायची पद्धत नव्हती.