न्यूयॉर्कमध्ये रेंट स्टॅबिलाइज्ड घर शोधायचं कसं?

रातपाळी:
नमस्कार मंडळी. सध्या न्यू जर्सीत राहतो, पण आता न्यूयॉर्क शहरातच घर घ्यायचं चाललंय, म्हणजे भाड्याने. नवऱ्याचं ऑफिस मिडटाउनला आणि मी अप्पर मॅनहॅटनच्या एका हॉस्पिटलात रात्रपाळी करते. इथल्या मालकाने रिन्यूअलला एकदम चारशे डॉलर वाढवले, तेव्हापासून डोकं फिरलंय. बजेट 2,400 पर्यंत, वन बेडरूम. सगळे म्हणतात रेंट स्टॅबिलाइज्ड बघ, म्हणजे ज्याच्या भाडेवाढीवर सरकारी मर्यादा असते ते. पण साइटवर तसं टाइप केलं की जेमतेम दोन-चार जाहिराती दिसतात, त्यातला एक जण घर दाखवायच्या आधीच पैसे मागत होता. शहराच्या परवडणाऱ्या घरांच्या लॉटरीत नाव घातलंय, तिकडे सामसूम. हे आपल्या मुंबईतल्या पागडीसारखं काही असतं का? ओळखीशिवाय मिळतच नाही का?

क्वीन्सकर:
लॉटरी म्हणजे हाउसिंग कनेक्ट ना? तिथे नुसतं प्रोफाइल करून भागत नाही, प्रत्येक इमारतीसाठी वेगळा अर्ज भरावा लागतो. उत्पन्नाचा पट्टाही दर जाहिरातीला वेगळा असतो. अर्ज फुकट आहे, कुणी भरून देतो म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. आणि भरून विसरून जा. त्याच्या भरवशावर जुनं घर सोडू नका.

इनवुडकर:
ताई, पागडी विसरा. पागडीत रक्कम मोजून हक्क घेतात. इथे जास्तीत जास्त एका महिन्याचं डिपॉझिट आणि क्रेडिट तपासणीचे 20 डॉलर. त्यावर कुणी ‘चावीचे’ पैसे मागितले तर ते बेकायदेशीर आहे. दाखवण्याआधी पैसे मागणाऱ्याशी तर बोलूच नका.

आता मुद्दा. स्टॅबिलायझेशन जाहिरातीला नसतं, घराला असतं. बरेच मालक ते जाहिरातीत लिहीतच नाहीत, त्यांना कशाला हवंय तुम्ही नियम वाचून आलेलं? म्हणून शब्द शोधू नका, इमारत शोधा. ढोबळ नियम असा की 1974 च्या आधी बांधलेली आणि किमान सहा घरं असलेली इमारत. शहरात अशी दहा लाखांच्या आसपास घरं आहेत, त्यामुळे ओळखीशिवाय मिळत नाही हे खरं नाही. करसवलत घेतलेल्या काही नव्या टॉवरमध्येही असतात, पण ती तुमच्या बजेटच्या बाहेर जातील.

या घरांच्या भाडेवाढीचा दर रेंट गाइडलाइन्स बोर्ड ठरवतं. त्याच्या साइटवर बरोप्रमाणे, म्हणजे शहराच्या विभागांप्रमाणे, इमारतींच्या याद्या आहेत. पण इमारत यादीत आहे म्हणजे तिच्यातलं प्रत्येक घर नियमात आहे असं नाही. 2019 च्या कायद्याआधी भाडं ठरावीक आकड्यावर गेलं की रिकामं झालेलं घर नियमातून सुटायचं. माझ्याच मजल्यावर समोरासमोर दोन घरं आहेत, एक आत, एक बाहेर. कायद्याने ती पळवाट बंद केली, सुटलेली घरं मात्र परत आली नाहीत.

तुमच्यासाठी अप्पर मॅनहॅटनमधलं इनवुड आणि वॉशिंग्टन हाइट्स. हॉस्पिटल जवळ, ए ट्रेनने मिडटाउन सरळ. (रात्री ए ट्रेन प्रत्येक स्टेशनावर थांबत जाते, शिफ्टचं गणित तसं मांडा.) आणि पायी फिरा. सहा मजली जुन्या विटांच्या इमारती दिसतील, आत लॉबीत सुपरचं, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्याचं, नाव आणि नंबर लावलेला असतो. सुपरला विचारा, कुणी सोडून चाललंय का. मॅनेजमेंट ऑफिसला थेट फोन करा. जून 2025 पासून ब्रोकर ज्याने नेमला त्यानेच त्याची फी द्यायची, तेव्हा मालकाच्या ब्रोकरला तुम्ही दमडी द्यायची नाही. उत्पन्न मात्र भाड्याच्या चाळीसपट मागतात. 2,400 ला वर्षाचे 96,000, दोघांचं मिळून.

रातपाळी:
बापरे, खूपच आभार! योगायोग बघा, वॉशिंग्टन हाइट्समध्ये एक घर पाहिलंय. 2,300 मागतात. पण कागदावर ‘लीगल रेंट’ 3,150 लिहिलंय. पुढच्या वर्षी तेवढं मागतील का? मग काय उपयोग?

इनवुडकर:
घाबरू नका. 2,300 हे प्रेफरेन्शियल रेंट, म्हणजे कायदेशीर कमाल भाड्यापेक्षा कमी आकारलेलं. पूर्वी मालक रिन्यूअलला उडी मारून वरच्या आकड्यावर जायचे, लोक रडकुंडीला यायचे. 2019 पासून तुम्ही राहताय तोवर वाढ खालच्या आकड्यावरच. ऑक्टोबर 2025 ते सप्टेंबर 2026 मध्ये सुरू होणाऱ्या लीजना एका वर्षाला 3 टक्के, दोन वर्षांना 4.5. या दराने 2,300 चे 2,369. तुमचं रिन्यूअल येईल तेव्हा बोर्डाचा त्या वर्षीचा दर लागेल. तुम्ही सोडून गेलात की मात्र पुढच्या माणसाकडून मालक 3,150 पर्यंत मागू शकतो.

सही करण्याआधी लीजसोबतचा रायडर, म्हणजे जोडपत्र, मागा. स्टॅबिलाइज्ड घराला तो जोडावाच लागतो. आधीच्या भाडेकरूचं भाडं आणि तुमचं कशाच्या जोरावर वाढवलं हे त्यात लिहिलेलं असतं. ‘नंतर देतो’ म्हणाले तर सही थांबवा.

राहायला गेलात की पहिल्याच आठवड्यात राज्याच्या गृहनिर्माण खात्याकडे, म्हणजे डीएचसीआरकडे, रेंट हिस्टरी, म्हणजे त्या घराच्या आजवरच्या भाड्याची नोंद, मागा. फुकट असते, टपालाने घरी येते, पण तिथल्या भाडेकरूलाच मिळते, म्हणून आधी मागता येत नाही. 1984 पासूनचं प्रत्येक वर्ष एकेका ओळीत. मध्येच आकडा दुप्पट झालेला दिसला, किंवा काही वर्षं ‘नोंदणी सापडत नाही’ असं आलं, तर तिथे बोट ठेवून चौकशी करा. जादा भाडं घेतल्याचं निघालं तर सहा वर्षांपर्यंतचं परत मागता येतं, मालकाने जाणूनबुजून केलं असेल तर तिप्पट.

ब्राँक्सवासी:
एक भर. हे घर तुमचं मुख्य घर असावं लागतं. आईवडिलांच्या आजारपणात भारतात लांब मुक्काम पडला आणि वर्षात 183 दिवसही इथे राहिला नाहीत, तर मालकाला तक्रारीला जागा मिळते. तिकिटं, डॉक्टरांचे कागद जपून ठेवा. आणि परस्पर पोटभाडेकरू ठेवून जाऊ नका, आधी लेखी परवानगी.

रातपाळी:
हे कुणीच सांगितलं नव्हतं, सासूबाईंसाठी दरवर्षी जाणं होतं. सोमवारी मॅनेजमेंटला फोन करून रायडर मागते.

इनवुडकर:
फोन नको, ईमेल करा. आणि घर बघताना बेडरूमचा हीटर चालतो का ते विचारून घ्या, रात्रपाळी करून दुपारी झोपणार तुम्ही.