मदत हवी आहे: एका नोडचं स्टोरेज सुटलं तरी एचए जागचं हललं नाही (प्रॉक्समॉक्स + एनएफएस)

नमस्कार मंडळी,

जळगाव एमआयडीसीतल्या एका दालमिलचं कॉम्प्युटरचं सगळं मी बघतो. सगळं म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेल्या कागदापासून सर्व्हरपर्यंत. तीन नोडचं, म्हणजे एकत्र जोडलेल्या तीन सर्व्हरचं, प्रॉक्समॉक्स क्लस्टर आहे (एका मशीनवर अनेक व्हीएम, म्हणजे आभासी कॉम्प्युटर, चालवणारं सॉफ्टवेअर) आणि व्हीएमच्या डिस्क एनएफएसने (नेटवर्कवरून फाइली वापरायची पद्धत) एका नॅसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या डिस्कच्या पेटीवर. अकाउंट्स, वजनकाटा आणि गेटपास हे तीन व्हीएम एचएमध्ये (नोड मेला तर व्हीएम आपोआप दुसऱ्या नोडवर उठवणारी सोय) टाकलेत. कोरोसिंक (नोड एकमेकांशी बोलतात ती यंत्रणा) एका स्विचवर, स्टोरेज दुसऱ्या. स्वतःवर खूश होतो.

मागच्या मंगळवारी दुपारी अडीचला काटा बंद पडला. बाहेर ४५ डिग्री, तुरीच्या गाड्या गेटपासून पार रस्त्यापर्यंत, ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलेले. मी प्रॉक्समॉक्स उघडलं तर दोन नंबरचा नोड हिरवागार. व्हीएम चालू. एचएच्या पानावरही सगळं चालूच. फक्त स्टोरेजच्या चिन्हावर एक करडं प्रश्नचिन्ह. काट्याच्या व्हीएमला पिंग केलं तर उत्तर येतंय! कन्सोलवर लॉगिन दिसतंय, पासवर्ड टाकला की तिथेच गोठतंय.

नोडवर डीएफ (डिस्कची जागा दाखवणारी कमांड) मारलं, ते परत आलंच नाही. पीएसमध्ये (चालू प्रोसेसची यादी) बघितलं तर प्रोसेसची रांग 'डी' अवस्थेत, म्हणजे डिस्कच्या उत्तरासाठी अडकलेली. शेवटी सापडलं ते असं, की त्या नोडच्या स्टोरेज पोर्टमधलं एसएफपी मॉड्यूल (केबल जोडायचा छोटा भाग) गेलं होतं. बाकी दोन नोडना नॅस व्यवस्थित दिसत होतं. रीबूट दिलं तर तेही एनएफएस अनमाउंट करायला थांबलं, ते थांबलंच. पॉवरचं बटण दाबून धरलं, नोड खरोखर मेला, आणि मग दोन-तीन मिनिटांत एचएने तिन्ही व्हीएम दुसरीकडे उठवले. म्हणजे एचए बिघडलेलं नव्हतं, त्याला कोणी कळवलंच नव्हतं. यात पन्नास मिनिटं गेली.

शेठना सांगताना मी म्हटलं, हमाल हजर आहे, हजेरी लागली आहे, पण गोदामाची चावी त्याच्याकडून हरवली. शेठ म्हणाले, "मग हजेरी घेणाऱ्याने चावी का नाही विचारली?" माझा प्रश्न तोच आहे.

डोक्यात एक स्क्रिप्ट आहे. दर दहा सेकंदांनी माउंटवर (नॅस जिथे जोडलंय त्या फोल्डरमध्ये) छोटी फाइल लिहायची, जमलं नाही की नोड रीबूट. पण स्क्रिप्टच डी अवस्थेत अडकली तर? आणि उद्या नॅसच बंद पडलं तर तिन्ही नोड एकदम आपटतील का? एकाने सॉफ्ट माउंट कर असंही सुचवलंय. कोणी हे प्रत्यक्ष केलं असेल तर सांगा.

भुसावळकर:
काय भो, मे महिन्यात अडीचला आमच्याकडे माणूस हँग होतो, एसएफपीचं काय घेऊन बसलात!

आता मुद्द्याचं. कोरोसिंक फक्त एवढंच बघतं की नोड एकमेकांना ऐकू येतात का. बहुमत सुटलं तर वॉचडॉग (नोडला सक्तीने रीसेट करणारा टायमर) ६० सेकंदांत नोडला पाडतो. डिस्क दिसते का, हे त्या साखळीत कोणी विचारतच नाही. तुमचा कोरोसिंकचा स्विच वेगळा, म्हणून तर नोड शेवटपर्यंत ठणठणीत दिसला. प्रॉक्समॉक्ससारखंच सॉफ्टवेअर बनवणाऱ्या बाकीच्यांनी हे वेगवेगळ्या तऱ्हेने सोडवलंय. व्हीएमवेअरने २०१५ च्या व्हीस्फीअर ६ मध्ये यासाठी वेगळी सोय आणली: स्टोरेजकडचे सगळे मार्ग गेले तर १४० सेकंद वाट बघून मग पुढची कारवाई. एक्ससीपी-एनजीत हार्टबीटचा ('मी जिवंत आहे' हा सततचा इशारा) अर्धा भाग शेअर्ड स्टोरेजवरच असतो, त्यामुळे तिथे डोळे झाकून चालतच नाही. आपल्याकडे ते हातानेच करावं लागतं.

सॉफ्ट माउंट मात्र करू नका. ठरलेले प्रयत्न संपले की व्हीएमला थेट लिहिण्याची एरर जाते. आतली फाइलसिस्टीम रीड-ओन्ली झाली तर नशीब म्हणा, डेटाबेस अर्धवट लिहिला गेला तर अकाउंट्सवाले तुम्हाला जेवू देणार नाहीत. हार्ड माउंटचा (उत्तर येईपर्यंत थांबून राहणारी जोडणी) एक फायदा विसरू नका, नॅस पाच मिनिटं बंद होऊन परत आलं तर व्हीएम जिथे थांबले तिथूनच पुढे जातात.

तापीकाठ:
आम्ही नंदुरबारला असंच काहीतरी चालवतो. चटके खाऊन शिकलेलं सांगतो.

वाचून तपासू नका. आधी वाचलेल्या फाइलची पानं रॅममध्ये असतात, नॅस मेलेलं असलं तरी फाइल आनंदाने वाचली जाते. डीडी कमांडने डायरेक्ट फ्लॅग लावून, म्हणजे रॅमला वळसा घालून, लिहा, आणि प्रत्येक नोडची फाइल वेगळी ठेवा. अडकण्याची भीती अर्धी खरी आहे. एनएफएसवर थांबलेली प्रोसेस साध्या सिग्नलला दाद देत नाही, पण किल सिग्नलने (सक्तीने बंद करणारा) बहुतेक वेळा सुटते, म्हणून टाइमआउट कमांडला किल सिग्नल सांगा. तरी भरवसा नको. लिहिणारा वेगळा आणि त्याच्यावर घड्याळ लावून बसणारा वेगळा, अशा दोन प्रोसेस करा. घड्याळवाल्याने माउंटला हातसुद्धा लावायचा नाही.

एका चुकीवर कोणाला मारायचं नाही, सलग तीन होऊ द्या. तिसरी चूक झाली की कोरोसिंकच्या नेटवर्कवरून बाकी दोघांना विचारा, "तुला नॅस दिसतंय का?" एकाने जरी हो म्हटलं तर दोष आपला, आपण मरायचं. कोणालाच दिसत नसेल तर नॅस गेलंय, तेव्हा कोणी मरायचं नाही, फक्त तुमचा फोन वाजायचा.

मरायचं तेही नीट. साध्या रीबूटची गत तुम्ही पाहिलीच. सिसआरक्यू ट्रिगरमध्ये (कर्नलला थेट हुकूम देणारी फाइल) 'बी' लिहा, अनमाउंटची वाट न बघता मशीन रीसेट होतं. हे महत्त्वाचं का, तर अडकलेल्या व्हीएमचं लिहिणं रांगेत उभं असतं. तुम्ही तो व्हीएम हाताने दुसरीकडे उठवला आणि पाच मिनिटांनी इकडची केबल लागली, तर एकाच डिस्क फाइलवर दोघं लिहिणार. त्यानंतर बॅकअपच काढत बसा. घाईच्या दिवशी तुम्ही ते केलं नाहीत, हे चांगलं झालं.

धुळेकर_जुना:
वरचं सगळं मान्य. पण मेलेल्या डिस्कपेक्षा रेंगाळणारी डिस्क जास्त छळते. नॅसमध्ये साध्या डेस्कटॉपच्या डिस्क असतील तर खराब सेक्टर वाचायला त्या मिनिटभरही झटत राहतात, आणि तेवढ्यात तुमच्या स्क्रिप्टच्या तीन चुका भरतात. नॅसच्या डिस्क सहसा ७ सेकंदांत हात टेकतात आणि रेडला (अनेक डिस्क मिळून चालवणारी रचना) पुढचं बघू देतात. स्मार्टसीटीएल कमांडने ती मर्यादा तपासता येते, डिस्क ऐकत असेल तर ७० असं लावता येते, एकक सेकंदाचा दहावा भाग. शिवाय स्मार्टमध्ये (डिस्क स्वतः ठेवते ती तब्येतीची नोंद) ५, १९७ आणि १९८ या तीन आकड्यांवर, म्हणजे खराब आणि संशयित सेक्टरच्या मोजणीवर, नजर ठेवा. १९७ शून्यावरून हलला की मी नवीन डिस्क मागवतो, वाट बघत नाही.

आणि लिहायला किती मिलिसेकंद लागले तेही लॉगमध्ये टाका. नुसतं 'झालं की नाही' नको.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. रविवारी मिल बंद असताना करून बघितलं. दोन प्रोसेस, दहा सेकंदांची फेरी, सलग तीन चुका, मग शेजाऱ्यांना विचारणा. दोन नंबरच्या नोडची स्टोरेज केबल काढली, चाळिसाव्या सेकंदाच्या आत नोड रीसेट झाला.

मग गंमत झाली. आमचा तो नोड म्हणजे साधा डेस्कटॉप बोर्ड, ८० सेकंदांत परत उभा राहिला. एचएचा लॉक सुटायला १२० सेकंद लागतात, त्यामुळे त्याला मृत धरलंच नाही. व्हीएम तिथेच सुरू व्हायला गेला, स्टोरेज नाही म्हणून फसला, परत एकदा फसला आणि मग तीन नंबरवर गेला. पोचला हे खरं, पण चार मिनिटं लागली.

नॅसची पॉवर काढली तेव्हा कोणीही रीसेट झालं नाही, फक्त माझा फोन वाजला. शेठचाही वाजला, कारण नंबर चुकून तोच टाकला होता.

डिस्क बघितल्या. चारपैकी एकीचा १९७ आठवर आहे. नवीन आज मागवली.

आता एकच अडलंय. रीसेट झालेल्या नोडने स्टोरेज दिसेपर्यंत एचएमध्ये यायलाच नको, असं करायचंय. बूट होताना एचएची सेवा माउंट तपासून मगच सुरू करावी, की नोड थेट मेंटेनन्समध्ये टाकावा? तापीकाठ, तुमच्याकडे काय ठेवलंय?

तापीकाठ:
पहिलं. सिस्टमडीत (लिनक्सवर सेवा सुरू करणारी यंत्रणा) एलआरएमच्या (प्रत्येक नोडवरची एचएची सेवा) आधी आमची तपासणी ठेवली आहे, ती पास झाल्याशिवाय एलआरएम उठत नाही. १२० सेकंद उलटले की बाकीचे दोघं काम उचलतात. फक्त प्रॉक्समॉक्सची मूळ फाइल बदलू नका, वेगळी ओव्हरराइड फाइल करा, नाहीतर पुढच्या अपडेटला ती पुसली जाईल. आमची एकदा पुसली गेली होती. रात्री मोकळा झालो की फाइल इथे चिकटवतो.