‘अर्जदारावर विश्वास बसत नाही’ म्हणून आश्रय नाकारला, तर अपिलात भांडायचं कशावर?

ब्रॅम्प्टनकर:
कॅनडात निर्वासिताचा दावा आधी इमिग्रेशन अँड रेफ्युजी बोर्डाच्या एका मेंबरसमोर, म्हणजे निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्यासमोर, चालतो. फेटाळला तर बोर्डाच्याच अपील विभागात जाता येतं; हा विभाग डिसेंबर 2012 मध्ये सुरू झाला. लोक तिथे तीच कर्मकहाणी पुन्हा सांगतात. माझ्या मते ते वाया जातं. निकालपत्रातल्या नेमक्या परिच्छेदावर बोट ठेवून मेंबरचा तर्क कुठे घसरला ते दाखवायला हवं.

1979 च्या माल्डोनाडो निकालापासून तत्त्व ठरलेलं आहे: शपथेवर सांगितलेलं खरं धरायचं, शंका घ्यायला कारण असेल तरच नाही. 2001 मध्ये वाल्टचेव प्रकरणात फेडरल कोर्टाने बजावलं की ‘असं घडूच शकत नाही’ हा निष्कर्ष अगदी उघड प्रकरणातच काढावा. तरी ‘खरंच जिवाची भीती असती तर हा लगेच पळाला असता’ छापाचे निष्कर्ष निघतातच. म्हातारे आईबाप, तिकिटाचे पैसे, व्हिसा याचा विचार कोणी करायचा?

शंकासुर:
आणि साच्यातल्या कहाण्या विकणारे कन्सल्टंट? ते तुमच्या ब्रॅम्प्टन शहरात दिसले नाहीत वाटतं. मेंबरने माणसाला समोर बसवून उलटसुलट विचारलं. अपील विभाग बहुधा नुसते कागद वाचतो. 2016 च्या हुरुग्लिका निकालात फेडरल अपील कोर्टाने अपील विभागाला स्वतःचं मत बनवायला सांगितलं खरं, पण साक्ष प्रत्यक्ष ऐकल्याचा मेंबरला खरोखर फायदा असेल तिथे त्याच्या मताला मान देण्याची वाटही ठेवली. ते सोयीस्करपणे गाळलंत. ज्या मारहाणीवर दावा उभा, ती दाव्याच्या लेखी फॉर्ममध्ये नाहीच आणि सुनावणीत अचानक उगवली, तर मेंबरने काय टाळ्या वाजवायच्या?

ब्रॅम्प्टनकर:
मुख्य घटनाच गाळली असेल तर अपील लंगडंच, वाद नाही. पण हल्लेखोर फॉर्ममध्ये ‘तीन’ आणि साक्षीत ‘तीन-चार’, यावर माणूस खोटा कसा ठरतो? आणि सुनावणीचं रेकॉर्डिंग असतं. मूळ भाषा जाणणारा शेजारी बसवून वकिलाने ते ऐकावं. चूक दुभाष्याची आणि ‘विसंगती’ अर्जदाराच्या नावावर, असं होऊ शकतं.

मीना ठाणेकर:
तारखांचं तर विचारूच नका. इथिओपियाचं पंचांग आपल्या इंग्रजी कॅलेंडरच्या सात-आठ वर्षं मागे, महिने तेरा, नवं वर्ष सप्टेंबरात. तिथल्या माणसाने सांगितलेलं वर्ष घाईत बदलून लिहिलं की एका वर्षाचा फरक सहज पडतो. आमच्या आजीला घर कधी बांधलं विचारलं तर ‘गणपतीच्या आधी’ म्हणायची. आता गणपती ऑगस्टात होते की सप्टेंबरात, यावरून तिला खोटारडी ठरवणार का?

शंकासुर:
मीनाताई, तुमच्या आजीने त्या घराच्या जोरावर देशात राहायचा हक्क मागितला नव्हता. एक तारीख चुकली तर मीही सोडेन. पण तारीख, आकडा, पोलीस ठाणं, सगळंच हललं तर? मेंबर एकत्रित परिणाम बघतो, आणि ते बरोबर आहे.

ब्रॅम्प्टनकर:
एकत्रित बघा ना. पण पाच विसंगतींपैकी तीन दुभाष्याच्या निघाल्या तर उरलेल्या दोनवर तोच निष्कर्ष टिकतो का, याचंही उत्तर द्यावं लागेल. नवा पुरावा हवा तेव्हा घुसवता येत नाही. तो निकालानंतरचा असावा, नाहीतर आधी मिळण्याजोगा नसावा. म्हणून तर भर तर्कावर.

मीना ठाणेकर:
एक राहिलं. मेंबरने ‘दाव्याला विश्वासार्ह आधारच नाही’ असा शेरा मारला की अपील विभागाचं दार बंद. मग निकाल तपासावा म्हणून फेडरल कोर्टात परवानगी मागायची, आणि तीही दर वेळी मिळत नाही. म्हणजे निष्कर्ष जितका टोकाचा, तितकी त्याची तपासणी कमी!

शंकासुर:
तो शेरा कोणी उगाच मारत नाही, ताई. पुराव्यात दाव्याला टेकू देणारं विश्वासार्ह असं काहीही नसेल तेव्हाच मारता येतो. त्यावरही पुन्हा अपील दिलं तर निकाल लागायचा कधी?

मीना ठाणेकर:
‘काहीही नाही’ हे ठरवणारा तोच मेंबर ना!