मदत हवी आहे: नव्या गाडीत एबीएसचा दिवा उगाच पेटतोय

मंडळी, गाडी घेऊन जेमतेम तीन महिने झालेत. एरंडोलजवळच्या शेतात कपाशी बघायला गेलो, चाकं काळ्या मातीत माखली, तेव्हापासून एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि ट्रॅक्शनचे (चाकं जागेवर घसरू न देणारी यंत्रणा) पिवळे दिवे जोडीनं पेटतात. ब्रेक मात्र झकास लागतात. सर्व्हिस सेंटरवाल्यानं स्कॅनर लावून बिघाडाचा कोड पुसला, "आता येणार नाही" म्हणाला. वाटेतलं पाळधी गाव यायच्या आत दोन्ही दिवे पुन्हा हजर! सासरे म्हणतात, चिकटपट्टी लाव.

चाकाच्या स्पीड सेन्सरवर चिखल वाळला असेल, की बॅटरीचं व्होल्टेज पडतंय? साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या सॉकेटला लावून बिघाडाचे कोड वाचायचं यंत्र) एबीएसचे कोड वाचतो का? नुसता कोड न पुसता वॉरंटीत सेन्सर बदलून घ्यायला जॉब कार्डवर (सर्व्हिस सेंटरच्या तक्रार-कामाच्या नोंदीवर) नेमकं काय लिहायला लावू?